पद्मिनी घाटात न्यायची तर आदल्या रात्री काय करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की जुन्या गाड्यांवरची कव्हरे निघतात आणि फियाट, पद्मिनी घेऊन कोकणात, गोव्यात जायचे बेत होतात. बेत महिनाभर आधी ठरतो, गाडी मात्र निघायच्या दोन दिवस आधी गॅरेजला जाते. मालक सांगतो, ‘लांब जायचंय, सगळं नवीन टाकून द्या.’ मेकॅनिक प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर, पेट्रोल पंपाचे किट, होज (रबरी नळ्या) असे सगळे बदलून देतो, आणि कालपर्यंत बरी चालणारी गाडी साताऱ्याच्या अलीकडून टोचन लावून परत येते. दोष नशिबाला दिला जातो. तो बहुतेक वेळा ‘सगळं नवीन’ टाकण्यातच असतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची थांबली त्याला सुमारे पाव शतक झाले. आज नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारा माल दोन प्रकारचा: बंद पडलेल्या दुकानांतला जुना साठा, ज्यातले रबर खोक्यात पडल्या पडल्या कडक झालेले, नाहीतर बिननावाचा नवा माल, ज्याची मापे एकाची दुसऱ्याशी जुळत नाहीत. कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा, हे याचे ठळक उदाहरण. नवा कंडेन्सर गॅरेजात उत्तम चालतो, इंजिन तापून तासभर झाला की आतून सुटतो. गाडी आधी चुकल्यासारखी चालते, मग बंद पडते, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. डेल्कोचे (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) झाकण काढून इंजिन फिरवले तर पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसते. तिथेच निदान झाले. म्हणून नवा पार्ट टाकायचा तो निघण्याआधी निदान दोन आठवडे, आणि त्यावर शे-दीडशे किलोमीटर गाडी पळवायची, त्यात दिवे घाट किंवा कात्रजसारखा एक चढ हवाच. काढलेला पण चालता पार्ट फेकायचा नाही, डब्यात घालून डिकीत ठेवायचा. शेवटच्या दोन दिवसांत फक्त तपासायचे, घट्ट करायचे, वंगण घालायचे.

याला अपवाद ब्रेकचा. तिथे दोष सापडला तर तो काढायचाच, वेळ नसेल तर जाणे पुढे ढकलायचे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच वाट. एका व्हील सिलिंडरचे रबर गेले की चारही चाकांचा ब्रेक जातो, हाती उरतो फक्त हँडब्रेक. पहिली चाचणी घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल मध्यम जोराने दाबा आणि मिनिटभर तसेच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकले आणि बाहेर कुठेच गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे आतले वायसर गेले आहे. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे.

दुसऱ्या चाचणीला ड्रम काढावा लागतो आणि नेमकी हीच टाळली जाते. व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने जरा उचला. आत कोरडी काळी धूळ असेल तर पुन्हा बसवून टाका. बोटाला तपकिरी, चिकट ओल लागली तर ते सिलिंडर घाटात दगा देणार. ओल लायनरपर्यंत (ब्रेक शूवरच्या अस्तरापर्यंत) पोचली असेल तर त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनरही बदला. सँड पेपरने घासून ते साफ होत नाहीत. चाकाजवळच्या रबरी होजचा दोष बाहेरून दिसत नाही. होज आतून फुगतो, दाब जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. ओळखण्यासाठी गाडी तीन-चार किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न मारता थांबवा आणि चारही ड्रमजवळ हात न्या. एकच चाक तापलेले असेल तर तिथला होज किंवा शूची स्प्रिंग पाहा.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना ड्रम तापले की हे जुने ऑइल उकळते, लाइनमध्ये वाफ धरते आणि पेडल तळाला जाते. दोन वर्षांवरचे ऑइल पूर्ण बदला, सील न फोडलेली बाटली आणा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी मध्येच तळाला गेली तर सगळे पहिल्यापासून. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल चमचाभरही नको. सगळी रबरे फुगून बसतात. घाट उतरायचा तो ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये, ही जुन्या टॅक्सीवाल्यांची शिस्त.

आता पेट्रोल. २०२२ च्या मध्यावर आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के एथेनॉल झाले, २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के मिळते. पद्मिनीची रबरे, पॅकिंगे आणि कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) यांतले काहीही या पेट्रोलसाठी बनलेले नाही. एथेनॉल जुन्या होजला आतून मऊ करते, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा राप सोडवते आणि तो फिल्टरमध्ये आणून बसवते. त्यामुळे टाकी आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर हवा आणि सोबत दोन जादा. होज घेताना त्यावर ‘जे३० आर९’ छापलेले पाहून घ्या. जुना होज उभा चिरून पाहिला की आतल्या भेगा दिसतात. पुढच्या वेळी कोणी ‘बाहेरून चांगला आहे’ म्हटले तर दाखवायला तो तुकडा ठेवावा. गाडी तीन महिने उभी असेल तर टाकीतले पेट्रोल काढून ताजे भरा, कारण पाणी शोषलेले एथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते आणि पंप तेच आधी ओढतो.

पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर न सांडता थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकते. तपासायला अवजार लागत नाही. डिपस्टिक काढा. पातळी न भरता वाढलेली आहे का, आणि पट्टीवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, एवढेच पाहा. येत असेल तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. पडदा आणि ऑइल दोन्ही बदलावे लागतात.

जास्त एथेनॉलने मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), गाडी चढाला खोकते, प्लग पांढरे पडतात. चालत्या गाडीत चोक (कार्बुरेटरची हवा कमी करणारी कळ) किंचित ओढून पाहा. इंजिन सुधारले तर तेच कारण. मात्र जेट बदलण्याचे काम आदल्या दिवशी काढू नका. चढावर गरम होऊन बंद पडली आणि फिल्टर कोरडा दिसला, तर पाइपात वाफ धरली आहे: बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपावर ओले फडके ठेवा, पंधरा मिनिटे थांबा. पाइप सायलेन्सरच्या नळीला चिकटून जात असेल तर तो निघण्याआधीच बाजूला घ्या.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाबतीत आमचा आक्षेप दोन सवयींवर आहे. एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकणे. गाडी तापते याचे ते औषध नव्हे. भांड्यात पाणी तापवून त्यात थर्मोस्टॅट टाका, ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडला तर तो निर्दोष आहे. दुसरी, आदल्या दिवशी रेडिएटर औषध घालून धुणे. क्षारांनी बुजलेली छिद्रे त्याने मोकळी होतात आणि गळती सुरू होते. शेवटच्या दिवशी फॅनचे पाते धरून पुढे-मागे हलवा. खेळ असेल तर वॉटर पंपाचे बेअरिंग गेले. इंजिन रेस करून खालच्या होजकडे पाहा. तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गेली. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण सेंटिमीटरभर दबावा.

पॉइंटमधले अंतर फिलर गेजने सुमारे ०.४ मि.मी. (डेल्को कोणत्या कंपनीचा त्यावर थोडा फरक), प्लगचे ०.६. इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवा, सेल्फ (स्टार्टर) जड फिरण्याची निम्मी तक्रार तिथेच संपते. बॅटरी रात्रभर ठेवून १२.६ व्होल्ट हवी. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चालू इंजिनला १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. पुढच्या किंगपिनना (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या पिनांना) काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत पंप मारा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण बाजूला बारीक भेगा, असा टायर स्टेपनीतही नको. आग विझवायचा एक किलोचा सिलिंडर डिकीत न ठेवता सीटखाली, हाताला येईल असा ठेवा.

कागदांचेही पाहावे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ येते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. सहकुटुंब गोव्याची सहल त्यात बसत नाही. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयाला पोचल्या आहेत, तेव्हा हौसेने अर्ज करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

तेल कंपन्यांना आणि शासनाला एक विनंती. एथेनॉलचे धोरण असू द्या, पण कमी एथेनॉलचे पेट्रोल निदान मोठ्या शहरांत आणि महामार्गावरच्या काही पंपांवर वेगळ्या नोझलने द्या, दर जास्त लावलात तरी चालेल, आणि कोणत्या नोझलमध्ये किती टक्के आहे ते ठळक लिहा.

आपले,
जुन्या फियाटचे काही मालक व मेकॅनिक, पुणे