सगळं पाणी खतातून कशाला न्यायचं? दिंडोरी रोडवरच्या तात्यांना पत्र

आदरणीय तात्या,
सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा घ्या ताई" म्हणता आणि विषय बदलता. दोनदा तसं झालं, म्हणून आता लिहूनच टाकते. आणि उघड लिहिते, कारण नाशकात घरी पाणवनस्पतींची टाकी सांभाळणारे बरेच जण आहेत. मी जिथे अडले होते तिथेच त्यांच्यातलं कुणीतरी आज अडलेलं असेल.

जूनच्या शेवटी भर पावसात मी तुमच्या ठिबकच्या दुकानात आले होते. पिशवीत घरगुती पाण्याच्या फिल्टरचं दहा इंची पारदर्शक हाऊसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं भांडं होतं. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली, सगळीकडे फिरून झालं होतं. मला फक्त अर्ध्या इंचाच्या आट्यांवरून १६ एमएमच्या नळीवर जाणारा एक जोड हवा होता. तुम्ही तो काढून काउंटरवर ठेवलात, पण पैसे सांगितले नाहीत. "हे बसवणार कुठं?" असं विचारलंत. मागे तीन शेतकरी खोळंबले होते, तरी विचारलंत.

मग मी सांगत गेले. चार फुटी टाकी, साधारण २४० लिटर पाणी. झाडं म्हणजे मागे रोटाला, मध्ये क्रिप्टोकोरायन, पुढे जमिनीवर पसरणारी मॉन्टे कार्लो. मासे सात, डेनिसन बार्ब, आपल्याच पश्चिम घाटातल्या, केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांतले. झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो आणि पाण्यात तो मुळातच कमी असतो. शिवाय हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो, त्यामुळे पानापर्यंत पोचता पोचता संपतो. म्हणून बाहेरून द्यायचा. दोन बाटल्या, एकीत खायचा सोडा, दुसरीत लिंबूसत्व, २००-२०० ग्रॅम, आणि त्यांच्यावर दाब दाखवणारं झाकण. आधी तो वायू टाकीतल्या सिरॅमिकच्या चकतीतून सोडत होते. चकतीला दाब जास्त लागतो, महिन्याभरात तिच्यावर शेवाळ धरतं, आणि निम्मे बुडबुडे विरघळायच्या आतच वर येऊन फुटतात. म्हणून हे हाऊसिंग आणलं. आतल्या मधल्या तोंडाला तळापर्यंत जाणारा पाइप लावायचा. पाणी वरून शिरतं, बाहेरच्या बाजूने खाली उतरतं आणि तळातून पाइपमध्ये चढून बाहेर पडतं. बुडबुडा वर जाऊ बघतो, पाणी त्याला खाली ढकलतं, आणि या ओढाताणीत तो विरघळून जातो.

कल्पना बरोबर होती. पण टाकीतला निर्देशक निळाच राहायचा. त्या छोट्या काचेच्या घंटीत ४ अंश केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग असतो. लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास वायू झाला की ते हिरवं होतं, जास्त झाला की पिवळं. निळं म्हणजे कमी, असं धरून मी वायू वाढवत गेले. तिकडे हाऊसिंगच्या वरच्या टोकाशी दोन बोटं वायू साचून राहिला होता आणि एका संध्याकाळी तो सगळा एकदम टाकीत उतरला. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. हवेचा पंप लावला, निम्मं पाणी बदललं. दोन वाचले नाहीत. हे तुम्हाला सांगताना माझा आवाज कापत होता. तुम्ही मध्ये बोलला नाहीत, तेही मला लक्षात आहे.

नंतर तुम्ही म्हणालात, "सगळं पाणी खतातून कशाला नेऊ राहिल्या ताई?"

मला क्षणभर कळलं नाही. तुम्ही आत जाऊन व्हेंच्युरी घेऊन आलात, द्राक्षबागेत विद्राव्य खत सोडायला लावतात ती. आणि बिलाच्या पाठीमागे चित्र काढलंत. मेन लाइन सरळ जाते, मध्ये एक व्हॉल्व्ह. त्याच्या आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, नंतर एक टी, आणि त्या दोन टींच्या मध्ये व्हेंच्युरी, बाजूने. मधला व्हॉल्व्ह थोडा दाबला की दोन्ही टींमध्ये दाबाचा फरक पडतो, तेवढं पाणी बाजूने वळतं आणि खत ओढून परत मेन लाइनला मिळतं. बागेला पाणी पुरं पडतं आणि खतही पोचतं. माझ्या हाऊसिंगचंही हेच करायचं होतं. मी टाकीच्या फिल्टरचं अख्खं पाणी त्या अर्ध्या इंची तोंडातून ढकलत होते, त्यामुळे टाकीतला प्रवाहच मेला होता. कोपऱ्यांत पाणी हलत नव्हतं, वायू तिथे पोचत नव्हता, आणि रोटालाच्या खालच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ आलं होतं. मी वायूशी झगडत बसले होते आणि चूक पाण्यात होती.

त्या रविवारी तुम्ही इंदिरानगरला आमच्या घरी आलात. आल्या आल्या बादली मागितलीत. फिल्टरची बाहेर जाणारी नळी दहा लिटरच्या बादलीत सोडून वेळ मोजलात: एक मिनिट पन्नास सेकंद. हाऊसिंग काढून परत मोजलात: पन्नास सेकंद. हे मोजायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

तुमचं काम मी शेजारी बसून पाहत होते. लॅटरलचं, म्हणजे त्या १६ एमएमच्या ठिबकच्या नळीचं टोक गरम पाण्यात धरून मऊ केलंत आणि एका दमात जोडावर चढवलंत. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते, हे मला दोनदा करून दाखवलंत. हाऊसिंगच्या अलीकडे लॅटरलला पंचने भोक पाडलंत, पिन कनेक्टर तोंडात धरून ओला केलात आणि अंगठ्याने दाबून बसवलात. टक् असा आवाज आला. वायूची बारीक नळी त्यावर चढली. त्या जागी दाब जेमतेम असतो, त्यामुळे बाटल्यांवरचा ताणही गेला. हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक व्हॉल्व्ह दिलात, म्हणजे ते धुवायला काढताना फिल्टर बंद करायला नको.

सगळं जोडून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "लाइट गेली तर?" शेतावर रात्रीच्या लाइटीची वाट बघत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसालाच हा प्रश्न आधी पडतो. पंप थांबला आणि वायू चालूच राहिला, तर अख्खं हाऊसिंग वायूने भरेल आणि लाइट आल्यावर त्या संध्याकाळचाच प्रकार पुन्हा होईल. म्हणून आता वायूच्या नळीवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे, फिल्टरच्याच स्विचवर. आणि खताचं पाणी विहिरीत उलटं जाऊ नये म्हणून तुम्ही जसा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावता, तसा छोटा इथेही लावलात, टाकीचं पाणी बाटलीत येऊ नये म्हणून.

मधल्या व्हॉल्व्हचा नेमका बिंदू मात्र तुम्ही लावून दिला नाहीत. म्हणालात, "तो तुम्हीच शोधा, रोज थोडा थोडा." मला चार दिवस लागले. पूर्ण उघडा ठेवला की पाणी सोप्या वाटेने सरळ निघून जातं आणि हाऊसिंगमध्ये वायू साचतो. फार दाबला की बुडबुडे न विरघळताच खाली ओढले जाऊन टाकीत येतात. दांडी एक तृतीयांश फिरवल्यावर दोन्ही थांबलं. तिथे काळ्या मार्करने रेघ मारून ठेवली आहे. बादली आता अठ्ठावन्न सेकंदांत भरते. माझ्या पाण्याचा केएच ५ आहे. सकाळी पीएच ७.७ असतो, दिवे लागेपर्यंत ६.७ होतो. वायू विरघळला की पीएच उतरतो, आणि एवढा एक अंक उतरला म्हणजे विरघळलेला वायू दहापट झाला. निर्देशक हिरवा आहे. पाचही बार्ब दिवसभर प्रवाहाच्या तोंडाशी पोहत असतात. काळं शेवाळ आधी करडं पडलं, मग गळून गेलं.

तुम्ही त्या दिवशी सामानाचेच पैसे घेतलेत. मजुरीचं विचारल्यावर म्हणालात की पाण्याचंच काम आहे, बाग काय आणि टाकी काय. तात्या, तुमच्या दुकानात मी पंधरा रुपयांच्या जोडासाठी आले होते. तुम्ही तो देऊन मला वाटेला लावू शकला असता. तुमच्यामुळे माझे पाच मासे जिवंत आहेत. मनापासून आभार.

ऑक्टोबर छाटणीची गडबड उरकली की घरी या, आणि नातीला घेऊन या. दिवे दुपारी एकला लागतात. चारच्या सुमाराला पाणी प्राणवायूने भरतं आणि मॉन्टे कार्लोच्या पानापानावर मोत्यासारखे बुडबुडे धरतात, मग एकेक सुटून वर जातो. तो बुडबुडा झाडाने सोडलेला असतो, आपण दिलेला नाही, हे मला तिला दाखवायचं आहे.

आपली,
मासेवाल्या ताई
इंदिरानगर, नाशिक