सुध्या, डबा फेकू नकोस

नौपाडा, ठाणे

प्रिय सुध्या,

चार महिने तुला ना पत्र, ना फोन. चूक माझीच. इकडे सगळे बरे आहेत, आईचा गुडघा आहे तसाच. काल वहिनी फोनवर म्हणाल्या, "ह्यांनी फायबर सोडलं, पोट फुगतं म्हणे." मग राहवेना.

अरे, टायफॉइडची औषधं संपतात न संपतात तोच तीन चमचे इन्युलिन, म्हणजे त्या डब्यातली फायबरची पावडर? सपाट चमचा तीनेक ग्रॅमचा, म्हणजे नऊ ग्रॅम एकदम! ते लहान आतड्यात पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. अँटिबायोटिकनी ती वस्ती आधीच विस्कटलेली. आंबोळीचं पीठ डब्यात काठोकाठ भरलं की रात्रीत ओट्यावर उतू जातं ना, तसंच झालं तुझं. पावडर वाईट नाही, माप चुकलं.

आंबताना वायू होतो, तशी उपयोगी आम्लंही होतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. गंमत म्हणजे ही पावडर खाऊन वाढणारे उपयोगी जिवाणू, बिफिडोबॅक्टेरिया, स्वतः ते बनवत नाहीत. त्यांनी सोडलेली ॲसिटेट आणि लॅक्टेट ही आम्लं खाऊन दुसरेच जिवाणू बनवतात. एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याची पंगत! आणि तू घेतोस त्या प्रोबायोटिक पुड्या म्हणजे बाहेरून आणलेले जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे घरच्यांचं जेवण. हा शब्दच १९९५ सालचा, म्हणून दोन्ही एकच समजण्याचा तुझा घोळ माफ.

आता नीट ऐक. अर्धा चमचा, तोही जेवणासोबत. आठवडाभर तेवढाच. पोट शांत राहिलं तर आणखी अर्धा. पाचेक ग्रॅमवर थांब, बिफिडो वाढायला तेवढं बहुधा पुरतं. पोट कुरकुरलं तर एक पायरी खाली ये, बंद करू नकोस. त्या जिवाणूंचं खाणं थांबलं की त्यांची वाढलेली संख्या पुन्हा उतरते. इसबगोल चालेल का, असं विचारशील. बद्धकोष्ठाला उत्तम, पण पेलाभर पाण्यासोबतच. मात्र तो फारसा आंबत नाही, म्हणून ह्या जिवाणूंच्या वाट्याला त्यातून थोडंच येतं.

पावडरच हवी असंही नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातून कांदा, लसूण, कच्ची केळी आण. (चातुर्मासातल्या कांद्यावरून आपण किती भांडलोय! तो वाद मी अजून सोडलेला नाही.) राजमा रात्रभर भिजव, ते पाणी ओतून दे, म्हणजे वायू करणाऱ्या साखरा कमी होतात. आणि तू ज्याला नाक मुरडायचास तो फोडणीचा भात! भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि पुन्हा गरम केला तरी बराचसा तसाच राहतो. फक्त भात रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, तासाभरात पसरट भांड्यातून फ्रिजमध्ये टाक. नाहीतर त्यात नको ते जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष गरम करूनही जात नाही.

एवढं करूनही कांद्या-लसणाने कळा आल्या, वजन उतरलं किंवा रक्त दिसलं, तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना गाठ.

मिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? नेरूळची जागा मिळाली का? अण्णांना नमस्कार.

उद्या अर्धा चमचा, सपाट. चमचा वहिनींच्या हातात दे, तुझ्या हाताचं माप मला माहीत आहे.

तुझा,
विन्या