खोट्या वेखंडाची ओळख करून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. समोर आभार मानले की तुम्ही "पुरे पुरे" म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून हे जाहीर पत्र.

दोन वर्षांपूर्वी इथं इंग्लंडात, रेडिंगच्या आमच्या परसातल्या इवल्याशा तळ्यात मी नर्सरीतून आयरिस या फुलझाडाची दोन रोपं आणून बुडवली. दोन्हींवर चिठ्ठी एकच, 'पाण्यातलं'. जांभळं जपानी पहिल्याच हिवाळ्यात कुजलं. पिवळं मात्र जाळीची कुंडी फोडून असं माजलं, की बेडकांना जागा उरेना. वर मी तुम्हाला मोठ्या दिमाखात म्हटलं, "काकू, हे आपलं वेखंड!" तुम्ही पान खुडलंत, चुरगाळलंत आणि माझ्या नाकाशी धरलंत. वास काहीच नाही. "वेखंड असतं तर बाळंतिणीची खोली आठवली असती. हे खोटं वेखंड." रात्री शोधलं, तर त्याचं लॅटिन नाव 'स्यूडॅकोरस', म्हणजे नेमकं तेच! जपानीतही वेखंडाला 'शोबू' म्हणतात आणि त्या कुजलेल्या आयरिसला 'हानाशोबू', फुलांचं वेखंड. पानांनी सगळ्यांनाच फसवलंय म्हणायचं. मला जरा बरं वाटलं.

फुलं सरल्यावर तुम्ही करवत घेऊन आलात. आधी मला हातमोजे घालायला लावलेत (चीक लागला की खाजतं), मग पिवळ्याच्या कंदाचे सरळ तुकडे पाडलेत. बोंडं फुटायच्या आत कापायची, नाहीतर बी तरंगत कुठंही जातं, हा दम वेगळाच.

जपानीचं तंत्र निराळं. उन्हाळाभर पाय ओले, हिवाळ्यात कुंडी पाण्याबाहेर. चुनाही सोसत नाही त्याला, आणि इथलं नळाचं पाणी तर किटलीत पांढरी खपली धरणारं. म्हणून पिंपात पावसाचं पाणी साठवायला लावलंत. "बारा महिने पाण्यातच ठेवायचंय ना? मग हे घे," म्हणत तुमच्या तळ्यातल्या लेव्हिगाटाचा, म्हणजे कायम पाण्यात राहणाऱ्या आयरिसचा तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात. कंपोस्ट अजिबात नाही, परसातली चिकणमाती आणि वर रेव. मी एकटी असते तर कंपोस्टचं पोतं ओतून तळं शेवाळानं हिरवंगार करून बसले असते.

लेव्हिगाटा जूनमध्ये निळं फुललं. आणि नव्या जपानीवर काल पहिलं फूल उघडलं, चांगलं बशीएवढं! तीनेक दिवसच टिकतं, तेव्हा शनिवारच्या आत याच. तुमची करवतही इथंच राहिलीय.

तुमची,
तळंवाली