माळ्यावरची पिवळी कॅसेट

ओसाका
रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. बातम्यांत पाहिलंत ते वादळ दुसरीकडे वळलं, आमच्याकडे नुसता पाऊस झाला. ऑफिसचं, जेवणाचं सगळं नेहमीसारखं, ते पुन्हा लिहीत नाही.

मागच्या रविवारी फोन मध्येच तुटला तो नेटवर्कमुळे नाही. मीच ठेवला. बाबा, तुम्ही माझ्या मागच्या फळीकडे बघून विचारलंत, "एवढी रिकामी खोकी कसली रे?" आणि आई हळूच ताईला म्हणाली, "एकटा पडलाय का ग तो?" मला दोन्ही ऐकू आलं आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, खोकी रिकामी नाहीत. एकच रिकामं आहे, त्याचं नंतर सांगतो. आत जुने व्हिडिओ गेम आहेत, आपल्याकडे टीव्हीला लावून खेळायचो तसेच. खरं तर तेच. आपलं ते मशीन ज्याची नक्कल होतं, ते मूळ मशीन म्हणजे फॅमिकॉम. जुलै १९८३ मध्ये निन्तेन्दो या जपानी कंपनीने ते १४,८०० येनला बाजारात आणलं. मला आता ते खोक्यासकट १२,००० येनला मिळालं, म्हणजे साडेसहा-सात हजार रुपये. तुम्हाला वाटतं तसे लाख-दोन लाख उडवलेले नाहीत. सुट्ट्या कॅसेटी तर काही शे येनला मिळतात. हो, इथेही कॅसेटच म्हणतात, 'कासेत्तो'.

आता तुम्हाला न पटणारी गोष्ट. इथल्या निप्पोनबाशी भागात जुन्या गेमची दुकानं आहेत. तिथे प्रत्येक कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि पिशवीवर एक चिठ्ठी. आपल्याकडे जुनी वस्तू विकणारा काय सांगेल? "एकदम नवी आहे साहेब, हातही लावलेला नाही." इथे उलट. दुकानदार आपल्याच मालाची उणीदुणी लिहून ठेवतो : खोक्याचा कोपरा दबलेला, पुस्तिकेवर डाग, उन्हाने पिवळी पडलेली, चालू करून पाहिली आहे किंवा पाहिलेली नाही. पहिल्यांदा मला वाटलं, याला विकायची आहे की नाही? पुढे त्याने काउंटरवर खोकं उघडलं, आतली एकेक वस्तू बाहेर काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर मांडली आणि चिठ्ठीवरचा प्रत्येक दोष बोट ठेवून दाखवला. हा डाग. हा चिरा. चालेल ना? मागे रांग होती, पण रांगेतलं कोणी चुळबुळसुद्धा करत नव्हतं. मी नुसता मान हलवत होतो. शेवटी त्याने कॅसेटच्या पाठीवर एक ओरखडा दाखवला, तो मला दिसेचना. त्याने दिवा जवळ आणला. मग दिसला. मग त्याचं समाधान झालं!

या चिठ्ठीवर मुख्य मुद्दा एकच असतो : वस्तू पूर्ण आहे का? नुसती कॅसेट असेल तर 'हादाका', म्हणजे चक्क नागडी. खोकं आणि माहितीपुस्तिका दोन्ही असतील तर 'हाकोसेत्सु'. किंमत तिथेच कितीतरी वाढते, कारण कॅसेट टिकली तरी पुठ्ठ्याचं खोकं पोरांनी पहिल्याच दिवशी फाडलेलं असतं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ मध्ये आला, घरोघरी पोचला, त्याच्या नागड्या कॅसेटी आजही ढिगाने मिळतात. पण खोकं शोधून बघा. म्हणूनच इथे लोक नुसती खोकीही विकतात आणि विकत घेतात. माझं ते रिकामं खोकं त्यातलंच. आई, मिक्सरचं खोकं तू इतकी वर्षं माळ्यावर ठेवलंयस त्यावरून मी तुला किती बोललो असेन! इथे तुझा सत्कार झाला असता.

काही जण एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना आतला प्लास्टिकचा साचा हवा, जाहिरातीचं पत्रक हवं, शिवाय कंपनीला भरून पाठवायचं पोस्टकार्ड हवं. त्या कार्डाला 'हागाकी' म्हणतात. ताई, हसू नकोस. मला हे काही पटत नाही. कार्ड दिलंच होतं पाठवायला. एखाद्या पोराने ते इमानेइतबारे भरून पेटीत टाकलं असेल तर गेम अपूर्ण कसा झाला? मशीनच्या बाबतीत तर तळाचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळतो का तेही बघतात. आई, पत्रिकाच म्हण.

फसवणूकही होते, पण काळजी करू नका, मी आता पारखायला शिकलोय. नव्याने छापलेल्या खोक्यावर बारीक अक्षरं फिसकटलेली दिसतात. पुस्तिकेच्या मधल्या पानावरच्या पिना बघायच्या, त्यांना थोडा गंज हवाच. खोकं उन्हाने विटलेलं आणि पुस्तिका कोरी करकरीत असेल तर ओळखायचं, दोन घरचं सामान एकत्र करून जोडी लावली आहे. कॅसेट चालली नाही तर फुंकर मारायची नाही. बाबा, आपण मारायचो ते चूकच होतं, वाफेने कॅसेटच्या आतल्या पिना गंजतात. कापसाच्या काडीला थोडं अल्कोहोल लावून पुसायच्या.

मागच्या महिन्यात ड्रॅगन क्वेस्ट या गेमचा दुसरा भाग घेतला, १९८७ चा, हाकोसेत्सु. त्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. थांबताना पडद्यावर जास्तीत जास्त ५२ अक्षरांचा मंत्र यायचा, तो लिहून घ्यायचा आणि पुढच्या वेळी परत भरायचा. माझ्या पुस्तिकेत एक घडी घातलेला कागद निघाला. पेन्सिलीने लिहिलेल्या हिरागाना या जपानी लिपीतल्या अक्षरांच्या ओळी, एक अक्षर तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं. मी सगळी भरली. मशीन म्हणालं, मंत्र चुकीचा आहे. पोराने उतरवताना कुठेतरी चूक केली होती. त्या दिवशी ते किती रडलं असेल!

आणि दोषांच्या यादीत नेहमी येणारा शब्द म्हणजे 'नामाएगाकी', नाव लिहिलेलं. पोरं मित्राकडे कॅसेट न्यायची, हरवू नये म्हणून आई-बाप पाठीमागे मार्करने नाव लिहायचे. नाव असलं की भाव पडतो.

आता कबुली देतो. आई, गेल्या वेळी मी गेल्यावर तू माळा आवरलास आणि पिवळी कॅसेट सापडत नाही म्हणालीस. ती माझ्याकडे आहे. न विचारता बॅगेत टाकली. फॅमिकॉममध्ये घातली तर पहिल्या फटक्यात चालली, पिना सारख्याच आहेत, साठ. स्टिकरवर ९९९९ गेम लिहिलंय, ते अजून तेवढंच खोटं आहे. पण पाठीमागे औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आहे आणि त्यावर बाबांच्या अक्षरात बॉलपेनने माझं नाव, आडनावासकट. त्या मशीनला मी पोरांसमोर "डुप्लिकेट" म्हणालो होतो, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाबा, तुम्ही विसरला असाल.

पट्टी एका कोपऱ्यात सुटत होती. चिकटवली नाही, तशीच ठेवलीय.

बाकी. या महिन्याचे पैसे कमी दिसतील. ते गेममुळे नाही, येन पडलाय म्हणून रुपयात कमी होतात. थोडे गेममुळे. पुढच्या महिन्यात भरून काढतो. बाबांच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवलेत, त्यातून घरखर्च करू नका, ऑपरेशन पुढे ढकलू नका. दिवाळीला सुट्टी मिळत नाहीये. मी मागितली होती. डिसेंबरअखेर ऑफिस बंद असतं तेव्हा बघतो, तिकिटं महाग आहेत पण बघतो. त्या स्थळाचा फोटो ताईने पाठवला, पाहिला. नाही म्हणत नाहीये. त्यांना खेळण्यांचं सांगायचं तर तुम्हीच आधी सांगून टाका, दोष आधी सांगितलेले बरे. मावशीला माझा नमस्कार.

आणि आई, त्या मशीनचं खोकंही तू टाकलं नसशील. निळसर होतं, वर मोटारसायकलचं चित्र. मिक्सरच्या खोक्यामागे असेल. पण बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस, गुडघे बघ त्यांचे. राहू दे तिथेच, मी आल्यावर काढतो.

तुमचा,
सोनू