दादाच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही

रामबाग, इंदूर
शुक्रवार, रात्री

प्रिय मन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा कंठ दाटतो आणि सांगायचं राहून जातं. मामा उद्याच्या बसने पुण्याला निघतोय, त्याच्याकडे हे पत्र देते.

आधी सूनबाईचं. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, यात तिचा काडीचाही दोष नाही. ‘ग्रहणात विळीवर बसली होती का,’ असं कुणी विचारलं, अगदी आपल्या घरातल्याने विचारलं, तरी तिथल्या तिथे गप्प कर. १९८६ साली दादा झाला तेव्हा मला हेच विचारलं होतं. मी कितीतरी वर्षं ते ग्रहण उराशी घेऊन जगले रे.

नाळ दबली, वार वेळेआधी सुटली, तर बाळाच्या मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतो. काही पेशी तेव्हाच मरतात. बाकीच्या सावरल्यासारख्या वाटतात आणि काही तासांनी ढासळतात. म्हणून काही ठिकाणी अशा बाळाला पहिल्या ६ तासांत थंड करायला घेतात आणि अंगाचं तापमान ३३-३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास ठेवतात. आपल्या बाळाला तसं केलं नाही म्हणून तू चिडला आहेस. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत त्याची मोठी चाचणी झाली होती. २०२१ मध्ये निकाल आला, त्यात फायदा दिसला नाही, उलट थंड केलेली बाळं जास्त दगावली. तेव्हा भांडू नकोस, पण का केलं नाही ते शांतपणे विचार. रक्तातली साखर, जंतुसंसर्ग, कावीळ यांचंही विचार, कारण मेंदूला इजा त्यांनीही होते.

काचेच्या पेटीपाशी उभा राहशील तेव्हा नीट बघ. इतक्या लहान बाळाचे झटके मोठ्या माणसासारखे नसतात. ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, डोळे एकाच बाजूला खिळतात, मध्येच श्वास थांबतो. असं दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मार. कधी बाहेर काहीच दिसत नाही आणि झटका ईईजीतच, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखातच सापडतो. पुढे एमआरआय होईल. त्यात मेंदूला कुठे इजा झाली ते दिसतं, पण पोर पुढे काय काय करील ते सगळं त्या फिल्मवर लिहिलेलं नसतं.

दादाच्या वेळी घरी सोडताना ‘जरा अशक्त आहे’ एवढंच सांगितलं. पहिल्यांदा लक्षात आलं ते न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या. त्यांनी त्याला मांडीवर उताणं घेतलं होतं, तेल लावताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते, आणि अंगठा मुठीत इतका घट्ट दाबलेला की घडीत मळ साठलेला. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, हे पाय सुटत नाहीत हो.’ मी गप्प बसले. तो दोन वर्षांचा झाला तेव्हा कुठे त्याला कडेवर घेऊन टेंपोने व्यायामाला न्यायला लागले. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

तू तसं करू नकोस. पहिल्या काही महिन्यांत मेंदू नव्या वाटा काढत असतो. घरी सोडतानाच पुढच्या तपासणीची तारीख घे. फिजिओथेरपी कधी सुरू करायची, कान आणि डोळे कधी तपासायचे, सगळं वहीत लिहून घे. तिसऱ्या महिन्यात बाळाच्या हातापायांची बारीक चुळबुळ बघतात, त्यावरून बरंच कळतं. ती तारीख चुकवू नकोस.

डब्यात डिंकाचे लाडू आहेत, सूनबाईसाठी. बाळ पेटीत असलं तरी दर तीन तासांनी दूध काढायचं, रात्रीसुद्धा. गजर तू लाव, बाटली तू धू. दादाला एकटं सोडता येत नाही, म्हणून आम्ही दोघं मंगळवारी एकदमच येतो. तो सकाळपासून विचारतोय, बाळाची मूठ उघडते का? बघून मला कळव.

तुझी,
आई