चटका बसला तर आधी पाणी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आता तू स्वतःचा स्वयंपाक स्वतः करू लागला आहेस, तेव्हा आज ना उद्या हाताला चटका बसणारच. त्या वेळी तू मला फोन करशील हे मला ठाऊक आहे, परंतु भाजल्यानंतरची पहिली काही मिनिटे फोनवर घालवण्यासारखी नसतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धर आणि घड्याळ पाहून वीस मिनिटे तसाच ठेव. बहुतेक माणसे एक-दोन मिनिटांत हात काढून घेतात, कारण तेवढ्यात आग थांबल्यासारखी वाटते. मग हात बाहेर येताच ती पुन्हा सुरू होते आणि पाण्याने काही होत नाही असे म्हणून ती घरभर मलम शोधत फिरतात. वास्तविक गरम भांडे सुटले तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच राहते व खालच्या थरांना इजा करीत राहते, आणि ती बाहेर ओढून घेणे हे पाण्याचे खरे काम आहे. वीस मिनिटे नळाशी उभे राहणे कंटाळवाणे आहे, हे मान्य. तरीही घरी करता येण्याजोग्या सगळ्या उपायांत याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि काही कारणाने उशीर झाला तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत याचा उपयोग होतो. बर्फ मात्र लावू नकोस. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त कमी मिळते आणि भाजल्यावर गारठ्याची इजा वेगळी होते.

हात पाण्याखाली असतानाच दुसऱ्या हाताने अंगठी आणि घड्याळ काढून ठेव, कारण थोड्या वेळाने बोट सुजले की अंगठी हलत नाही आणि मग ती कापावी लागते. गरम पाणी कपड्यावर सांडले असेल तर भिजलेली बाही लगेच काढ, कारण ती उष्णता अंगाशी धरून ठेवते. कापड कातडीला चिकटले असेल तर मात्र ते ओढू नकोस.

वाफेला कमी लेखू नकोस. उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना दर ग्रॅमला साठेक कॅलरी उष्णता देते, तर एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच सुमारे 540 कॅलरी सोडते, म्हणून झाकण उचलताना त्याची पलीकडची कड आधी वर कर.

तेल, लोणी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचे नाही, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो. टूथपेस्ट गार लागते ती तिच्यातील मेन्थॉलमुळे. कातडीची उष्णता तिने उतरत नाही. तेला-लोण्याच्या थराखाली उष्णता कोंडते, आणि पुढे डॉक्टरांकडे जावे लागले तर जखम तपासण्यापूर्वी तो थर खरवडून काढावा लागतो, जे फार दुखते.

फोड आला तर फोडू नकोस. वरची कातडी शाबूत आहे तोवर तीच उत्तम पट्टी असते. त्यावर न चिकटणारी निर्जंतुक पट्टी सैल बांध, किंवा स्वयंपाकघरातील पातळ प्लॅस्टिकच्या गुंडाळीचा पहिला वेढा टाकून देऊन आतला स्वच्छ तुकडा नुसता वर पसर, हाताभोवती आवळू नकोस. कापूस ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. ठणका असह्य झाल्यास पॅरासिटॅमॉल वेष्टनावरील प्रमाणातच घे.

भाजलेला भाग तुझ्या बोटांसकट तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, हातापायांवर फोड उठले असतील, किंवा इजा विजेने अथवा रसायनाने झाली असेल, तर घरी थांबू नकोस. लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही व्यक्ती भाजली असेल तर जखम छोटी दिसली तरी दाखवावी. आणखी एक गोष्ट सहज फसवते: कातडी पांढरी वा काळवंडलेली, चामड्यासारखी झाली आहे आणि तरी दुखत नाही, असे दिसले तर निर्धास्त होऊ नकोस, कारण तिथल्या संवेदना नेणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

नुसती लाल झालेली कातडी आठवडाभरात बरी होते. फोड आलेली जखम दोन आठवड्यांनंतरही भरली नाही, तिच्यातून पू आला किंवा भोवतीची लाली पसरत गेली, तर दाखवून ये. नव्या कातडीवर काही महिने ऊन पडू देऊ नकोस, अन्यथा डाग गडद होतो. डॉक्टर धनुर्वाताच्या लशीविषयी विचारतील. तुझी जुनी नोंद माझ्या कपाटात आहे, तिचा फोटो पाठवतो.

तुझे,
बाबा