लाओशी, तिथे अर्धविराम हवा होता

प्रिय लाओशी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. (वाचणाऱ्यांसाठी: लाओशी म्हणजे चिनीत शिक्षक.) फोनवर चिनीत सांगून पाहिलं, पण दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. तोंडावर आभार मानलेले तुम्हाला सोसत नाहीत. म्हणून आता चारचौघांत मानतेय. नाव तेवढं लिहीत नाही. श्रेयनामावलीतही तुम्ही ते घालू दिलं नव्हतं, मग इथे कशाला तुमचा शब्द मोडू?

निमित्त घडलं ते पिंगुळीत. मी कुडाळची, पिंगुळी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. तिथले ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्यावर परदेशी प्रेक्षकांसाठी एक छोटा माहितीपट करतोय. रात्री निवेदन लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य उतरलं: "शेकडो वर्षांची गौरवशाली परंपरा लाभलेल्या या भूमीत..." पुढे हात चालेना. कुणीतरी मागे उभं राहून लाल पेन्सिल कानामागून काढतंय असं वाटलं. ते कोण, हे सांगायला नको.

2010 साल आठवतं? चीनला जगाशी बोलायची घाई झाली होती. सीसीटीव्ही या तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीचं इंग्रजी चॅनेल 2000 सालापासून होतंच. 2009 मध्ये दोन महिन्यांच्या आत अरबी आणि रशियन निघाली, 2010 च्या जुलैत शिन्हुआ या वृत्तसंस्थेनेही आपलं इंग्रजी चॅनेल काढलं. आणि या हत्तींच्या पायांत आम्ही एका खासगी कंपनीतले चौदा जण, बीजिंगमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. खिडकीतून सीसीटीव्हीची ती वाकडी नवी इमारत दिसायची, जिला बीजिंगकर 'मोठी चड्डी' म्हणतात. चीनमध्ये खासगी कंपनीला स्वतःचं चॅनेल काढता येत नाही. कार्यक्रम बनवायचा परवाना मिळतो, प्रक्षेपण सरकारी केंद्रांच्याच हाती. त्यामुळे आमचा बेत असा, की चीनच्या संस्कृतीवरचे कार्यक्रम बीजिंगमध्ये बनवायचे आणि अमेरिकेत केबलवर वेळ विकत घेऊन दाखवायचे. स्वयंपाक इथे, पंगत तिकडे. बीजिंगमधल्या एकाही घरात आमचे कार्यक्रम दिसणार नव्हते. परदेशी चॅनेल तिथे परवानगी असलेल्या मोठ्या हॉटेलांत आणि परदेशी लोकांच्या वसाहतींत दिसतात, तीही सरकारच्या यादीतली. आम्ही त्या यादीत कुठून असणार! आमच्या ड्रायव्हर शिफूंची आई विचारायची, "मुलगा टीव्हीत आहे म्हणतो, मग दिसत का नाही?"

माझं काम 'पॉलिश'चं. चिनीतून इंग्रजीत आलेली संहिता घासूनपुसून लख्ख करायची. तिथल्या टीव्हीच्या जगात सगळेच लाओशी: मेकअपवाला लाओशी, दिवेवाला लाओशी. आठवड्याभरात मीही झाले, आणि डोक्यात थोडी हवा गेली, कबूल करते. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून मला नुसत्या नावाने हाक मारलीत. निवृत्त होऊन घरी बसलेल्या बाई, मदत म्हणून येणार, पगार नाही, दुपारचं जेवण तेवढं. मला वाटलं, कुणाच्या तरी ओळखीच्या असतील.

पहिली संहिता तुम्ही परत दिलीत ती लाल करून. 'पाच हजार वर्षांचा इतिहास' दिसेल तिथे काट. 'बो दा जिंग शन' दिसेल तिथे काट. विशाल, सखोल, अथांग असं सगळं एका दमात सांगणारे हे चार शब्द प्रत्येक चिनी लेखक डोळे मिटून वापरतो आणि इंग्रजीत आले की त्यांचा नुसता भुसा होतो. मी वाद घातला. म्हटलं, मूळ लेखकाने लिहिलंय, मी कोण गाळणारी? तुम्ही म्हणालात, "पाहुण्याला दारातच वंशावळ ऐकवतेस का? आधी चहा दे." आमच्याकडे हीच खोड आहे हे मी तेव्हा बोलले नाही. 'पावन भूमी'शिवाय आमचं एक भाषण सुरू होत नाही.

पण मी खरी शिकले ती सावल्यांच्या खेळाच्या भागावर. शान्शी प्रांतातल्या ह्वा-शिएनचे ते कलाकार. गाईबैलाचं चामडं इतकं तासतात की पलीकडचा दिवा त्यातून पाझरतो, मग त्यावर कोरीवकाम आणि रंग. बाहुलीला तीन काड्या, एक मानेशी, दोन हातांना. सगळा फड पाच माणसांचा. सगळ्या पात्रांचं गाणं एकटाच गातो, एक बाहुल्या नाचवतो, उरलेले वाद्यं सांभाळतात, म्हणून त्या फडाचं नावच 'पाच जणांची धांदल'. हे सगळं आमच्या संहितेत होतं, पण सातव्या मिनिटाला. त्याआधी हान सम्राटाची मेलेली राणी, तिची सावली पडद्यावर आणणारा मांत्रिक, मग घराणी, मग कालखंड.

तुम्ही संहिता वाचलीच नाहीत. कच्चं चित्रीकरण मागितलंत आणि तीन तास पाहिलंत. शेवटी एका ठिकाणी थांबलात. कॅमेरामनने दिवे तपासताना सहज घेतलेले चाळीस सेकंद: पडद्यामागे म्हाताऱ्या कलाकाराचे पाय, कापडी जोडे, बाजूला झाकणाच्या काचेच्या बरणीतला चहा, आणि वर युद्ध पेटलेलं असताना खाली एका पायाचा अंगठा ताल धरतोय. "इथून सुरू कर," म्हणालात. "प्रेक्षक शेवटी पडद्यामागे डोकावणारच असतो. मग आधीच ने." मांत्रिक गेला, राणी गेली. त्या अंगठ्यावर एक शब्दही निवेदन ठेवलं नाहीत. माझी इतक्या कष्टाने लख्ख केलेली चार पानं तुम्ही टोपलीत टाकलीत आणि मला राग आला, हेही आज सांगून टाकते. चहा न घेताच घरी गेले होते मी.

आणि मग तो पहिला दिवस. न्यूयॉर्कमधले रात्रीचे आठ, आपल्याकडे बीजिंगमध्ये सकाळचे आठ. चौदा माणसं एका लॅपटॉपभोवती, कारण पाहायला दुसरी सोयच नव्हती. सुरुवात छान झाली. दहाव्या मिनिटाला मला वाटलं, सबटायटल जरा मागे पडतंय. विसाव्याला सगळ्यांनाच दिसलं. शेवटच्या प्रसंगात सेनापतीचं मुंडकं उडालं, पडद्यावरून घरंगळत गेलं, आणि मग खाली अक्षरं उमटली: "मला हात लावायची हिंमत कोणात आहे?" सव्वीस मिनिटांत दीड सेकंदाचा फरक. कुणीतरी हसलं. सबटायटलच्या फाइल मी पाठवल्या होत्या. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

पुनःप्रक्षेपण तीन तासांवर होतं. तांत्रिक विभागातली मुलं एकेक ओळ सरकवायला बसली. तुम्ही नऊच्या सुमाराला बसने आलात, चष्मा लावलात, फाइल उघडायला सांगितलीत आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलंत, "फन्हाओ कुठाय?" फन्हाओ म्हणजे अर्धविराम. मला वाटलं, बाईंना या घटकेलाही विरामचिन्हं सुचताहेत!

आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम. अमेरिकेत म्हणायला 30, प्रत्यक्षात 29.97. तीस धरून मोजत गेलं तर तासाला 3.6 सेकंदांची चूक साठते. ती जिरवायला टाइमकोडमधून, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या आकड्यांतून, ठरलेल्या मिनिटांना दोन-दोन आकडे वगळतात, चित्र नाही, नुसते आकडे. अशी मोजणी असली की फ्रेमच्या आकड्याआधी दोन टिंबांऐवजी अर्धविराम घालायचा असा संकेत आहे. माझ्या फाइलींत सगळीकडे दोन टिंबं होती, म्हणून तिकडे साधी तीसची मोजणी धरली गेली. अमेरिकेशी टेपांची देवाणघेवाण करण्यात तुमची उमेदीची वर्षं गेलेली, हे मला त्या दिवशी कळलं, तेही तुमच्याकडून नाही. एक खूण बदलली, फाइली पुन्हा काढल्या, अकराच्या आत पाठवल्या. मुंडकं उडण्याआधी सेनापतीला त्याचं वाक्य मिळालं. तुम्ही जेवणाचा डबा घेतलात आणि कोपऱ्यात बसलात. मालकांनी टाळ्या कुणासाठी वाजवल्या ते मी लिहीत नाही.

ती कंपनी पुढे तीन वर्षंही टिकली नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, पैसे परदेशी वेळेच्या भाड्यातच जात होते.

पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतंत, भारतात कुठली. महाराष्ट्र म्हटल्यावर चेहरा कोराच राहिला. मग मी डॉक्टर कोटणिसांचं चिनी नाव घेतलं, के दिहुआ, ते आमच्याकडचे, सोलापूरचे. तुम्ही उठून मला तुमची खुर्ची दिलीत. शाळेत असताना शिज्याच्वांगला त्यांच्या समाधीवर फुलं वाहायला नेलं होतं म्हणालात. मी स्वतः तोवर सोलापूरसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीत बसताना लाज वाटली होती.

पिंगुळीचा माहितीपट आता एका हातापासून सुरू होतो. बाहुलीची काडी धरलेला हात, नखांत अडकलेला रंग. निवेदन बाविसाव्या सेकंदाला येतं. तुम्ही ते तीस केलं असतं, माहीत आहे.

सोबत एक पुडकं पाठवतेय. मागे दिलेली आमसुलं तुम्ही खडीसाखर घालून उकळलीत आणि सुआनमेइथांग, म्हणजे तुमच्याकडचं आंबटगोड सरबत, समजून ते खारट पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलात, वर "वेगळी चव आहे" म्हणालात. ती मिठातली होती हो, लाओशी, आमटीत घालायची. ही बिनमिठाची आहेत. आई म्हणते, उकळण्याआधी अर्धा तास भिजवा.

तुमची,
कुडाळची विद्यार्थिनी